गेटऑप्ट्स

गेटऑप्ट्स : शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) साठी लिहिलेली स्क्रिप्ट चालवताना कमांड लाइनवर दिलेले ऑप्शन (डॅशने सुरू होणाऱ्या सूचना) एकेक करून ओळखणारी, शेलमध्येच अंतर्भूत असलेली कमांड. ती १९८६ मध्ये एटी अँड टीच्या युनिक्स सिस्टिम पाच, रिलीज तीन या आवृत्तीत बोर्न शेलबरोबर आली. पुढे पॉझिक्स या, युनिक्ससारख्या प्रणालींच्या समान मानकात तिचा समावेश झाल्याने बॅश, डॅश, कॉर्न शेल अशा ते मानक पाळणाऱ्या प्रमुख शेलमध्ये ती मिळते.

तिच्याआधी ‘गेटऑप्ट’ नावाची स्वतंत्र कमांड होती. नावात फरक एका ‘स’चा, पण वागण्यात मोठा. जुना गेटऑप्ट सगळे ऑप्शन एका ओळीत जोडून परत देई. त्यात ‘जुने फोटो’ असे मधे जागा असलेले नाव आले, की त्याचे दोन तुकडे पडत. गेटऑप्ट्समध्ये हा घोळ होत नाही.

समजा, ‘नक्कल’ नावाची स्क्रिप्ट आहे. तिला ‘-व्ही’ (काय चालले आहे ते सांग) आणि ‘-डी’ (कुठे ठेवायचे) हे दोन ऑप्शन आहेत. गेटऑप्ट्सला अक्षरांची यादी द्यायची: ‘व्हीडी:’. अक्षरापुढचा विसर्गासारखा कोलन म्हणजे ‘याला मूल्य लागते’. आता कोणी असे लिहिले:

नक्कल -व्ही -डी "जुने फोटो" गणपती.जेपीजी

गेटऑप्ट्स व्हाइल लूपमध्ये, म्हणजे ऑप्शन मिळत राहतील तोवर पुन्हा पुन्हा, चालवतात. लूपच्या पहिल्या फेरीत व्ही हाती येतो. दुसऱ्या फेरीत डी, आणि ‘ऑप्टआर्ग’ या चलात ‘जुने फोटो’. तिसऱ्या फेरीत ऑप्शन संपतात आणि लूप थांबतो. तेव्हा पुढे वाचायच्या शब्दाचा क्रमांक ठेवणाऱ्या ‘ऑप्टइंड’ या चलाची किंमत ४ असते. एक वजा करून ‘शिफ्ट’ कमांडने सुरुवातीचे तीन शब्द बाजूला काढले, की पहिल्या क्रमांकावर फाइलचे नाव येते. नवशिके नेमके हेच शिफ्ट विसरतात. फंक्शनमध्ये गेटऑप्ट्स पुन्हा वापरायचे असेल तर ऑप्टइंड आधी १ करावा लागतो, तेही तितकेच विसरले जाते.

‘-व्हीडी’ असे जोडून लिहिलेले चालते. मात्र ‘-डीव्ही’ लिहिले तर ‘व्ही’ हेच डीचे मूल्य ठरते आणि त्या नावाचा फोल्डर निमूटपणे तयार होऊ शकतो. चूक दाखवायला कोणी नसते. यादीच्या सुरुवातीलाच कोलन ठेवला तर शेल स्वतःचा संदेश छापत नाही. अनोळखी ऑप्शनला प्रश्नचिन्ह, राहून गेलेल्या मूल्याला कोलन मिळतो आणि वापरणाऱ्याला समजेल असा संदेश आपल्याला लिहिता येतो. हीच पद्धत बरी.

दोन डॅश एकटेच आले, की ऑप्शनची यादी संपली असे मानले जाते. डॅशने सुरू होणारे फाइलनाव द्यायचे तर ते हवेतच.

‘--हेल्प’सारखे लांब ऑप्शन मात्र गेटऑप्ट्सला कळत नाहीत. लिनक्सवरचा सुधारित गेटऑप्ट ते ओळखतो आणि अवतरणचिन्हेही सांभाळतो. मॅकओएससोबत येणारा गेटऑप्ट जुन्या वळणाचाच आहे. म्हणून दोन्हीकडे चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये बरेच जण केस (मूल्य पाहून काय करायचे ते निवडणारी रचना) आणि शिफ्ट वापरून हाताने लूप लिहितात. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत ऑप्शन वाचणारे ‘आर्गपार्स’ मदतीचा मजकूरही आपोआप तयार करते. त्यामुळे ऑप्शन दहाबारा झाले, की शेल सोडून तिकडे वळणे शहाणपणाचे.