जंबू म्हणजे नेमका कुठला कांदा?

उत्तराखंडच्या नीती खोऱ्यात, मलारीच्या बाजूला जिथं पावसाचे ढग कसेबसे पोचतात, तिथल्या एका रानकांद्याला २०२१ मध्ये नवी प्रजाती म्हणून नाव मिळालं: ॲलियम नेगियानम. हा वाढतो ३००० ते ४८०० मीटर उंचीवर. बातम्यांत 'शोध लागला' असं आलं, ते मला अजिबात पटत नाही, कारण तिथले भोटिया लोक हा कांदा 'जंबू' म्हणून पिढ्यान्पिढ्या फोडणीला वापरतायत. नवीन आहे ते फक्त लॅटिन नाव.

मागचा इतिहास तसा थोडकाच. १८७४ मध्ये ॲलियम स्ट्रॅची, पुढच्याच वर्षी ॲलियम प्रझेवाल्स्कियानम, अशी हिमालय आणि तिबेटकडच्या कांद्यांची नावं एकामागोमाग कागदावर आली, तीही दूर युरोपात बसून, वाळवलेल्या नमुन्यांवरून. वाळल्यावर फुलाचा रंग उडतो, पोकळ पात चपटी होते आणि गोळा करणाऱ्यानं कंद उपटून घेतला नसेल तर मग सगळंच मुसळ केरात.

खरा घोळ मात्र 'जंबू' या शब्दात आहे. नेपाळात जंबू म्हटलं की प्रझेवाल्स्कियानम किंवा ॲलियम हिप्सिस्टम हा आणखी एक रानकांदा, उत्तराखंडात जंबू किंवा फरण म्हटलं की पुस्तकं स्ट्रॅचीकडे बोट दाखवतात, आणि आता नेगियानमलाही लोक याच नावांनी ओळखतात. स्वयंपाकात याचा काही फरक पडत नाही, तुपात टाकलं की चारही घमघमतात. पण आपल्याकडच्या धोक्यातल्या वनस्पतींच्या लाल यादीत स्ट्रॅची 'असुरक्षित' म्हणून नोंदलाय, आणि बाजारात जंबूच्या नावानं जे विकलं जातं त्यात तो किती आणि बाकीचे किती हे नावावरून कळतच नाही, मग जपायचं नेमकं कोणाला?

ओळखायचं तर सुरुवात वासापासून करा, पात चुरगळली आणि कांद्या-लसणाचा वास आला नाही तर तो कांदा नाहीच, तोंडात घालू नका. पुढं कंदाची साल बघायची, मला तरी हीच खूण सगळ्यात भरवशाची वाटते. प्रझेवाल्स्कियानमची साल लालसर तपकिरी, बोटानं सोलली की जाळीसारखे धागे सुटतात. नेगियानम त्याचा जवळचा भाऊ, पण सालीचा रंग वेगळा, फुलांचा रंग वेगळा, आणि डीएनए तपासल्यावर वेगळेपण पक्कं झालं.

पुडीतल्या जंबूत यातलं काहीच उरत नाही, नुसत्या वाळक्या गवतासारख्या काड्या आणि मधेमधे चुरा झालेली फुलं. त्यामुळे डेंगळे येऊन गोंडा उमलला असताना, कंद जमिनीत असतानाच बघायला हवं, आणि तेही माती थोडी बाजूला सारून, न उपटता.