रोम लुटणारे ख्रिस्ती

इ.स. 410 च्या ऑगस्टमध्ये अलारिक राजाच्या गॉथ सैन्यानं रोम तीन दिवस लुटलं. गॉथ म्हणजे डॅन्यूब नदीपलीकडची एक जर्मानिक जमात. पण संत पीटर आणि संत पॉल यांच्या चर्चमध्ये आसरा घेतलेल्यांना हात लावायचा नाही, असा अलारिकचा हुकूम होता. रानटी मूर्तिपूजकांनी ख्रिस्ती रोम बुडवलं, हे चित्र इथेच मोडतं, कारण लुटणारेही ख्रिस्तीच होते.

गॉथांकडे हा धर्म आला तो कैद्यांबरोबर. तिसऱ्या शतकात गॉथांनी आजच्या तुर्कस्तानच्या भागात धाडी घातल्या आणि लुटीसोबत माणसंही धरून नेली. त्यांत कॅपाडोशियाचे ख्रिस्ती होते. अशाच एका घराण्यात 311 च्या सुमारास वुल्फिला जन्मला. पुढे तो बिशप झाला. 348 च्या आसपास गॉथ सरदारांनी छळ मांडला, तेव्हा अनुयायांसह डॅन्यूब ओलांडून तो रोमन हद्दीत स्थायिक झाला. बायबल गॉथिकमध्ये उतरवायचं तर आधी त्यासाठी लिपी हवी. ती त्यानंच घडवली: 27 अक्षरं, बहुतेक ग्रीक वळणाची, काही लॅटिन आणि जर्मानिक लोकांच्या जुन्या रून लिपीवरून घेतलेली. फिलोस्टॉर्जियस हा जुना इतिहासकार सांगतो, की वुल्फिलानं बायबलमधली ‘राजे’ नावाची पुस्तकं मुद्दाम गाळली. त्यांत लढाया फार, आणि गॉथांना लढायला चेव आणण्याची गरजच नव्हती. (बायबलमधल्याच यहोशवाच्या पुस्तकात काय रक्त कमी सांडलंय?)

नदीपलीकडे मागे राहिलेल्यांचे हाल संपले नव्हते. 369 नंतर अथानारिक या गॉथ सरदाराच्या अमलात पुन्हा छळ सुरू झाला. त्या काळातल्या साबा नावाच्या गॉथ ख्रिस्त्याची हकिगत आजही वाचायला मिळते, आणि तिच्यातली गावकरी मंडळी फार खरी वाटतात. फर्मान होतं, की ख्रिस्त्यांनी देवांना वाहिलेलं मांस चारचौघांत खावं. गावातल्या मूर्तिपूजकांनी आपल्या ख्रिस्ती नातलगांना वाचवायला शक्कल लढवली: न वाहिलेलं मांस पुढे करायचं आणि अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकायची. साबानं सगळ्यांसमोर बजावलं, की हे मांस जो खाईल तो ख्रिस्ती नव्हे. वैतागून गावानं त्याला हाकलला, मग परतही येऊ दिला. अखेर 372 मध्ये त्याला नदीत बुडवून मारण्यात आलं. माझा जीव मात्र त्या गावकऱ्यांत अडकतो. धर्माच्या भांडणापेक्षा त्यांना सोयरसंबंध मोठे होते.

इतकं सोसूनही रोमन चर्चच्या लेखी गॉथ पाखंडीच ठरले. मुलगा, म्हणजे ख्रिस्त, पित्याशी एकरूप, असं 325 च्या निकाया इथल्या बिशपांच्या परिषदेनं ठरवलं होतं. पण वुल्फिलाच्या उमेदीच्या काळात बादशाही दरबारात वेगळं मत चालत होतं: मुलगा पित्यासारखा, पण त्याच्या बरोबरीचा नाही. 360 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत हेच मत अधिकृत झालं, आणि वुल्फिला तिथे हजर होता. 376 मध्ये हूणांच्या भीतीनं गॉथ नदी ओलांडून आत आले, तेव्हाचा बादशहा वॅलेन्सही याच मताचा. तो 378 मध्ये त्याच गॉथांशी लढताना पडला. 381 मध्ये नव्या बादशहाच्या, थिओडोसियसच्या, काळात निकायाचं मत पुन्हा पक्कं झालं. थोडक्यात, गॉथ होते तिथेच राहिले; मत फिरवलं ते रोमनं.

पुढे ही जुनी श्रद्धाच त्यांची वेगळी ओळख बनली. इटलीत थिओडोरिक राजानं रावेन्ना इथे आपल्या पंथाचं राजचर्च बांधलं. सहाव्या शतकात बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सत्ता आल्यावर तिथल्या भित्तिचित्रातल्या राजवाड्यातून माणसं खोडून तिथे पडदे दाखवण्यात आले. खोडलेल्या माणसांचे खांबांवर आलेले हात मात्र तसेच राहिले आणि ते आजही दिसतात. स्पेनच्या गॉथांनी 589 मध्ये टोलेडोच्या परिषदेत राजा रेकारेडसह निकायाचं मत स्वीकारलं.

वुल्फिलाच्या बायबलची सर्वांत प्रसिद्ध प्रत थिओडोरिकच्याच काळातली. जांभळ्या रंगवलेल्या चर्मपत्रावर चांदीच्या आणि सोन्याच्या शाईनं लिहिलेलं हे शुभवर्तमान स्वीडनमध्ये उप्साला इथे आहे. पुसट झालेली अक्षरं वाचण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ थिओडोर स्वेडबर्ग यांनी तिची अतिनील किरणांत छायाचित्रं घेतली. या प्रकाशात चर्मपत्र उजळतं आणि शाईचा माग काळा राहतो. मूळच्या 336 पानांपैकी आज 188 शिल्लक आहेत. त्यांतलं एक 1970 मध्ये जर्मनीतल्या श्पायरच्या कॅथेड्रलमध्ये सापडलं.