पार्श्वभूमी : लाईन आल्यावर किल्ली कुठून येते

वरुडकडच्या संत्र्याच्या बागांत विहिरीवरच्या पेटीत मोबाईल स्टार्टर असतो. थ्री फेज लाईन कधी दिवसा येते, कधी ऐन मध्यरात्री. आली की पेटीतली चिप कोऱ्या डोक्याने उठते. ज्या पेटीत घड्याळाचा सेल नाही, तिथे तारीखही बहुधा १ जानेवारी १९७० असते. ओलितासाठी मोटर चालू करण्याचा हुकूम खरा की कुणी खोडसाळपणे पाठवलेला, हे ओळखायला तिला सर्व्हरशी गुप्त किल्ली ठरवावी लागते, आणि किल्लीला रँडम आकडा लागतो.

‘रँडम’ या शब्दाने बराच घोळ केला आहे. ग्रामपंचायतीत मतं समसमान पडली की लहान पोराच्या हातून ईश्वरचिठ्ठी काढतात. ती सगळ्यांसमोर निघते आणि कुणावर अन्याय होत नाही, एवढंच तिथे पाहिजे असतं. किल्लीचा आकडा मात्र कुणाला आधी ताडता येऊ नये आणि नंतर शोधूनही काढता येऊ नये. १९९५ मध्ये एका गाजलेल्या ब्राउझरचे आकडे दिसायला अस्ताव्यस्तच होते. पण त्यांचं बीज, म्हणजे ज्यावरून पुढचे सगळे आकडे निघतात तो सुरुवातीचा आकडा, वेळ आणि प्रोसेस क्रमांकांतून घेतलेलं होतं. दोन विद्यार्थ्यांनी ते ओळखलं आणि कुलूप उघडलं.

लिनक्स या संगणकप्रणालीने त्याच सुमारास कीबोर्ड, डिस्क, इंटरप्ट (उपकरणांकडून प्रोसेसरला येणारे इशारे) यांच्या वेळांतली अनिश्चितता एका साठ्यात गोळा करायला सुरुवात केली होती. त्या साठ्याला दोन दारं होती. ‘रँडम’ हे दार साठा कमी झाल्यासारखा वाटला की थांबायचं, ‘यूरँडम’ कधीच थांबायचं नाही. पुढची पंचवीसेक वर्षं वाद झाला तो इथेच. एन्ट्रॉपी, म्हणजे ही अनिश्चितता, विहिरीतल्या पाण्यासारखी उपसली की संपते, असं थांबणाऱ्या दारामागचं गृहीतक होतं. माझ्या मते ते चूकच होतं. २५६ बिटांचं बीज खरोखर अज्ञात असेल, तर चांगला सायफर (गुप्तलेखनाची पद्धत) त्यावर हवे तितके आकडे देतो. विरजण चमचाभरच लागतं, फक्त ते खरं विरजण असलं पाहिजे. या मोजदादीपायी सर्व्हर विनाकारण अडून बसत.

उलट, जिथे थांबायलाच हवं होतं तिथे दुसरं दार थांबत नव्हतं. मशीन नुकतं चालू झालंय, साठा रिकामा आहे, तरी ते आकडा देऊन टाकायचं. २०१२ च्या एका अभ्यासात याची किंमत दिसली. राउटरसारख्या कितीतरी उपकरणांनी किल्ली बनवताना पहिली मूळसंख्या एकच निवडली होती, दुसरी तेवढी वेगळी. अशा दोन सार्वजनिक किल्ल्यांचा शाळेत शिकवतात तसा मसावि काढला की दोघांचीही गुपितं उघडी. तपासलेल्या टीएलएस (इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणारी पद्धत) सर्व्हरांपैकी ०.५ टक्क्यांच्या खाजगी किल्ल्या हाती लागल्या.

२००८ मध्ये डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात उघड झालेली चूक वेगळी होती. कोड साफ करताना साठ्यात बीज मिसळणाऱ्या ओळी काढल्या गेल्या आणि किल्ल्यांच्या शक्यता जेमतेम ३२,७६८ उरल्या, तेही दीड वर्षाहून जास्त काळ.

२०१४ मध्ये लिनक्समध्ये, मशीन चालू होताना साठा तयार होईपर्यंत एकदाच थांबणारी नवी सोय आली. २०१९ मध्ये डिस्कचा वापर सुधारला, त्यामुळे अनिश्चितता कमी गोळा होऊ लागली आणि काही मशीनं चालू होतानाच अडकली. मग प्रोसेसरच्या वेळेतल्या बारीक चढउतारांतून बीज काढणं सुरू झालं. २०२० मध्ये थांबणाऱ्या दाराची मोजदादही गेली.

विहिरीवरच्या पेटीला ना कीबोर्ड, ना डिस्क. तिच्यासाठी चिपमधलं रँडम आकडे देणारं हार्डवेअर जनरेटर आणि फ्लॅशमध्ये (लाईन गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) जपलेलं बीज, दोन्ही मिसळावं लागतं. ते बीज प्रत्येक पेटीचं वेगळं हवं. कारखान्यात एकच प्रत सगळ्यांत भरली तर २०१२ चीच गत. शिवाय रात्री लाईन पाच मिनिटांत तीनदा जाते-येते. जुन्या बीजावर किल्ली बनवली आणि नवं लिहिण्याआधीच लाईन गेली, तर पुढच्या वेळी तेच बीज पुन्हा वापरलं जातं. म्हणून नवं बीज आधी फ्लॅशमध्ये लिहायचं, आणि पहिला आकडा त्यानंतरच द्यायचा.