एसी थंड करतो की पाणी काढतो?

गोव्यात नव्या संशोधन संस्थेची घोषणा झाली की पाठोपाठ तिची रंगीत चित्रं छापून येतात. काचेची इमारत, गच्चीभर सोलर पॅनल, आवारात हिरवळ. जागेवरून होणारे वाद निराळे, शेळ-मेळावलीत २०२१ साली गावकऱ्यांच्या आंदोलनामुळे आयआयटीचा प्रकल्प मागे घ्यावा लागला, ते सर्वांना ठाऊक आहे. मी त्या चित्रांत वेगळंच शोधतो: इथल्या हवेतल्या पाण्याचं काय करणार?

एसी म्हणजे खोली थंड करणारं यंत्र, असं आपण धरून चालतो. गोव्यात त्याची खरी मेहनत हवा कोरडी करण्यात जाते. जुलैतली हवा घ्या, ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता. अशा एक किलो हवेत साधारण २१ ग्रॅम बाष्प असतं. प्रयोगशाळेत हवी २४ अंश आणि ५० टक्के, म्हणजे ९ ग्रॅम. तापमान ६ अंश उतरवायला जेमतेम ६ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. पण १२ ग्रॅम बाष्पाचं पाणी होताना शाळेत शिकलेली सुप्त उष्णता बाहेर पडते, ग्रॅममागे सुमारे २.४५ किलोज्यूल. एकूण तीसच्या आसपास. पाचपट! पाण्याचा कूलर इथे कुचकामी ठरतो तोही यामुळेच; भिजलेल्या हवेत आणखी पाणी मावणार कुठे?

कार्यालयात आतलीच हवा फिरवता येते. रसायनाच्या प्रयोगशाळेत नाही. तिथलं एक फ्यूम हूड, म्हणजे घातक वाफा ओढून घेणारं काचेच्या दाराचं कपाट, तासाला हजारेक घनमीटर हवा बाहेर फेकतं आणि तेवढीच ओली हवा आत घ्यावी लागते. म्हणजे एका हूडमागे तासाला सुमारे १४ लिटर पाणी हवेतून काढायचं. त्यासाठी हवा १३ अंशांपर्यंत, म्हणजे आत हव्या असलेल्या हवेच्या दवबिंदूपर्यंत (ज्या तापमानाला तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं) उतरवायची आणि मग पुन्हा थोडी तापवायची. दोन्हीकडे वीज.

यावर उपाय म्हणजे कोरडं करणं आणि थंड करणं ही कामं वेगळी करणं. डेसिकेटरमधली (वस्तू कोरड्या ठेवायच्या बंद भांड्यातली) निळी सिलिका जेल ओल शोषून गुलाबी होते आणि ओव्हनमध्ये तापवली की पुन्हा निळी, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी पाहिलेलं असतं. तोच पदार्थ फिरत्या चाकावर बसवतात. चाकाचा एक भाग आत येणाऱ्या हवेतलं बाष्प टिपतो, दुसरा गरम हवेने सुकतो. मेख अशी की शोषणातही उष्णता सुटते, हवा कोरडी पण तापलेली बाहेर येते. आणि चाक सुकवायला उन्हाची उष्णता वापरू म्हणावं, तर जुलैत ऊन नसतं. एसीची टाकाऊ उष्णता तिथे थोडीफार कामी येते.

म्हणून मला यंत्रांपेक्षा नकाशा महत्त्वाचा वाटतो. हूड असलेल्या प्रयोगशाळा एकाच इमारतीत, बाकीच्यांना व्हरांडे, रुंद छज्जे, आरपार वारा. हूडचं काचेचं दार काम संपलं की खाली ओढायची सवय; हवेचा प्रवाह त्यानुसार कमी होणारी रचना असेल तर याहून स्वस्त उपाय नाही. इथे कुणीतरी ईशान्येच्या प्रवेशद्वारासाठी नकाशा फिरवायला सांगतोच. सूर्य मात्र मेच्या आरंभापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत भरदुपारी गोव्याच्या उत्तरेला असतो आणि पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. त्यांना वास्तुशास्त्र कुणी शिकवलेलं नाही.

राहिलं ते १४ लिटर पाणी. त्यात क्षार जवळजवळ नसतात, मोठ्या एसीचं गरम पाणी थंड करणाऱ्या कूलिंग टॉवरला ते उत्तम. पिण्याला नाही, कारण नळ्यांतला धातू आणि जंतू त्यात उतरतात. आणि किनाऱ्यावरची हवा मे महिन्यातही दमट असल्याने, विहिरी तळाला गेल्या तरी ते मिळतच राहतं. सध्या बहुतेक ठिकाणी ते गटारात सोडतात.