औषध-तपासणीत जैविक सॅम्पलसाठी सॉल्व्हंटची निवड

रक्त, प्लाझ्मा, लघवी अशा सॅम्पलमधलं औषध एलसी-एमएस (लिक्विड क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री) किंवा जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) यंत्रावर मोजायचं तर आधी ते प्रोटीन, क्षार, चरबी यांच्या गर्दीतून बाहेर काढावं लागतं, आणि त्यासाठी सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) कुठलं घ्यायचं यातच खरं डोकं लागतं. नवीन माणूस बहुतेक वेळा फक्त रिकव्हरी बघतो, म्हणजे औषध किती टक्के निघालं ते, पण त्याच्यासोबत आणखी काय काय निघालं हेही तितकंच बघायला हवं.

सगळ्यात सोपं म्हणजे प्रोटीन खाली बसवणं: प्लाझ्माच्या तिप्पट अॅसिटोनायट्राइल टाका, व्हॉर्टेक्स करा (यंत्रावर जोरात घुसळा), सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव घ्या. मिथेनॉलनेही जमतं, पण त्यात फॉस्फोलिपिड (पेशींच्या आवरणातली चरबी) साधारणपणे जास्त येतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि आयन सप्रेशन करून, म्हणजे औषधाचे आयन बनणं दाबून, सिग्नल पाडतात.

अजून स्वच्छ एक्स्ट्रॅक्ट हवा असेल तर पाण्यात न मिसळणारं सॉल्व्हंट, आणि इथे पीएच आधी सांभाळायचा. बेसिक औषधाला पीकेएच्या (ज्या पीएचला निम्मे रेणू चार्ज झालेले असतात) साधारण २ युनिट वर, अॅसिडिकला २ खाली, म्हणजे रेणूवरचा चार्ज जातो आणि तो ऑरगॅनिक थरात उतरतो. हेक्झेन स्वच्छ काढतं पण पोलर (पाण्याशी जवळीक असलेली) औषधं त्यात येतच नाहीत, इथाइल अॅसिटेट भरपूर ओढतं पण सोबत थोडं पाणी आणि बराच कचराही आणतं. माझ्या मते सुरुवात एमटीबीईने (मिथाइल टर्ट-ब्युटाइल ईथर) करावी: ५५ अंशाला उकळतं त्यामुळे नायट्रोजनखाली पटकन उडतं, आणि पाण्यावर तरंगतं, म्हणून ट्यूब ड्राय आइसमध्ये धरली की खालचा पाण्याचा थर गोठतो आणि वरचा सरळ दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतून घेता येतो. डायक्लोरोमिथेन जड, तळाला बसतं, मग पिपेट मधल्या प्रोटीनच्या सायीतून खाली न्यावी लागते आणि टोकाला हमखास काहीतरी चिकटतं.

सॉल्व्हंट औषधाशी रिअ‍ॅक्ट होणार नाही ना हेही तपासा. अॅसिटोन प्रायमरी अमाइनशी जोडलं जातं, जुन्या क्लोरोफॉर्ममध्ये फॉस्जीन तयार होऊ शकतो, डायइथाइल ईथरमध्ये पेरॉक्साइड साठतात.

शेवटी सुकवलेलं सॅम्पल परत विरघळवताना मोबाइल फेजच्या (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवाच्या) जवळचंच मिश्रण घ्या, नुसतं अॅसिटोनायट्राइल घेतलं तर रिव्हर्स फेज (पोलर नसलेल्या भराईच्या) कॉलमवर सुरुवातीचे पीक पसरतात किंवा दुभंगतात. अॅम्फेटामिनसारखं उडून जाणारं औषध असेल तर सुकवण्याआधीच थोडं अॅसिड घातलेलं मिथेनॉल टाकावं, त्याचं सॉल्ट बनतं आणि ते ट्यूबमध्ये टिकतं.