पेपरवाली कॉन्फरन्स आणि डेव्हलपरांची कॉन्फरन्स

बेळगावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या नोटीस बोर्डावर वर्षभर कुठल्या ना कुठल्या ‘इंटरनॅशनल कॉन्फरन्स’चं पोस्टर लागलेलं असतं. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय आपल्याच गावात आहे, तेव्हा हे वातावरण इथं असणारच. म्हणून तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं मला हमखास विचारतात, “दादा, बेंगळूरला पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेची कॉन्फरन्स आहे म्हणे, तिथं आमचा पेपर पाठवू काय?” तिथं पेपर घेतच नाहीत, आणि हे कुणी वेळेवर सांगत नाही म्हणून चांगल्या पोरांचं अख्खं वर्ष जातं.

कॉलेजच्या बोर्डावरची असते ती संशोधकांची परिषद. तिला पूर्ण लिहिलेला पेपर लागतो, बहुधा दोन कॉलमांत, संदर्भांसकट. त्या विषयातले परीक्षक तो वाचून विचारतात, यात नवीन काय, आधीच्यांनी केलं त्यापेक्षा हे सरस कशावरून? पेपर पास झाला की दहा-पंधरा मिनिटं मांडायचा, मग तो परिषदेच्या अंकात छापून येतो. हे सगळं कोरडं असतं असं मुळीच समजू नका. वेबवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९९४ साली जिनिव्हाला सर्न या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेत भरली. त्याच मालिकेतल्या १९९८ च्या ब्रिस्बेनच्या परिषदेत सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी गूगलच्या रचनेवरचा पेपर मांडला. २०११ साली ती परिषद हैदराबादलाही झाली.

डेव्हलपरांच्या, म्हणजे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या, परिषदेत मोल असतं ते चालत्या कोडला आणि ते चालवताना आलेल्या अनुभवाला. रायन डाल या प्रोग्रॅमरने नोड जेएस (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवायचं साधन) पहिल्यांदा लोकांसमोर आणलं ते २००९ साली बर्लिनच्या जेएसकॉन्फ ईयू या जावास्क्रिप्टच्या परिषदेत, स्टेजवरून प्रोग्रॅम चालवून दाखवत. आपल्याकडची पायथॉनची परिषद, पायकॉन इंडियाही २००९ सालीच बेंगळूरला सुरू झाली. बोलायचं असेल तर प्रपोजल म्हणून चार परिच्छेद लिहून पाठवायचे असतात. पदवी, मार्गदर्शकाचं नाव, विभागप्रमुखांची सही, यातलं काही लागत नाही.

खानापूरकडच्या एका मुलाने उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीसाठी वेब ॲप केलं होतं. भट्टीतून धातू निघाला की त्या हीटचा (भट्टीतल्या एका खेपेच्या धातूला हीट म्हणतात) नंबर, वजन, लॅबने काढलेलं कार्बनचं प्रमाण, सगळं मोबाईलवर नोंदवायचं. शेडमध्ये रेंज येते-जाते, म्हणून नोंद आधी ब्राउझरमध्येच साठायची आणि नेट आलं की सर्व्हरवर जायची. एकदा भट्टीवरचा सुपरवायझर आणि लॅबवाला, दोघांनी एकाच हीटची नोंद आपापल्या मोबाईलवर उघडली. ज्याला रेंज उशिरा मिळाली त्याची नोंद दुसऱ्याच्या नोंदीवर बसली आणि कार्बनचा आकडा पुसला गेला. मग त्या मुलाने पूर्ण नोंद बदलायची पद्धत सोडली. प्रत्येक बदल वेगळा साठवायचा, सर्व्हरवर जुळवायचा, आणि दोन बदल एकमेकांशी भांडले तर दोन्ही समोर ठेवून माणसाला विचारायचं, असं केलं.

डेव्हलपरांच्या परिषदेला हे एवढं भरपूर झालं. प्रपोजलची सुरुवात त्याने अशी केली होती: “भट्टीजवळ रेंज नसते. दोन मोबाईल, एकच हीट नंबर, आणि कुणाची नोंद टिकणार ते रेंज ठरवते. हा घोळ आम्ही कसा निस्तरला ते कोडसकट दाखवतो.” पुढे फक्त ऐकणाऱ्याला काय यायला हवं आणि तो काय शिकून जाईल, एवढं लिहिलं की झालं.

याच कामाचा पेपर करायचा तर वेगळा घाम गाळावा लागतो. नोंदी जुळवण्याच्या पद्धती आधीच आहेत, सीआरडीटीवर (एकाच माहितीच्या वेगवेगळ्या प्रती आपोआप जुळवणाऱ्या रचनांवर) तर कितीतरी संशोधन झालंय. ते वाचायचं, रेंज मुद्दाम तोडून प्रत्येक पद्धतीत किती नोंदी हरवतात ते मोजायचं, आणि दुसऱ्या कुणी तोच प्रयोग केला तर तेच आकडे यावेत अशी मांडणी करायची. एवढं केलं तर तो पेपर खरा. “आम्ही ॲप बनवलं आणि ते चालतं” एवढ्यावर प्रामाणिक परीक्षक पेपर परत पाठवतो, आणि ते बरोबरच आहे.

मला राग येतो तो तिसऱ्याच प्रकाराचा. पेपर पाठवला की दोन दिवसांत ‘स्वीकारला’ म्हणून मेल, लगेच फीची मागणी, आणि शेवटी हातात एक सर्टिफिकेट. २००५ साली एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी संगणकाकडून निरर्थक वाक्यांचा पेपर बनवून घेतला आणि एका परिषदेने तो परीक्षण न करताच स्वीकारला होता. अशा ठिकाणी आई-बापाचे पैसे घालू नका. परीक्षकांचे लेखी अभिप्राय मिळतात का, समितीतल्या माणसांचं स्वतःचं काम कुठे दिसतं का, हे आधी बघा. डेव्हलपरांच्या परिषदेत मागच्या वर्षीच्या भाषणांचे व्हिडिओ बहुधा यूट्यूबवर असतात. दोन-तीन ऐकले तरी दर्जा कळतो.

पुढे एमएस किंवा पीएचडी करायची असेल तर पेपरचं कष्टाचं काम कराच. पण वेबची नोकरी धरायची असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: आधी डेव्हलपरांमध्ये जा. भाषणांइतकीच तिथली मधल्या वेळेतली उभ्या-उभ्याची बोलणी कामाची असतात. ज्याची लायब्ररी तुम्ही वापरता तोच माणूस चहाचा कप घेऊन शेजारी उभा असतो, आणि तुमची अडचण ऐकायला त्याला खरंच आवडतं. मराठी शाळेतून आलेल्या मुलांना इंग्रजीची धास्ती वाटते, ते मी समजू शकतो. प्रपोजल आधी मराठीत लिहा, मुद्दा पक्का झाला की इंग्रजीत करा. पूर्ण भाषणाची हिंमत नसेल तर लाइटनिंग टॉक असतात, पाच-पाच मिनिटांचे. त्यांची नावं बऱ्याच ठिकाणी परिषद सुरू झाल्यावर तिथंच घेतात आणि जागा पटापट भरतात. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने निघालात तर सकाळी बेंगळूरला उतरल्यावर थेट हॉल गाठा आणि आधी त्या यादीत नाव घाला.