फॅमिली थेरपी म्हणजे एफबीटी नव्हे

‘मुलगी जेवत नाही, म्हणून आम्ही सगळे फॅमिली थेरपीला जातोय,’ असं कुणी सांगितलं की मी आधी एकच विचारते: तिथे ताटाचं कोण बघतं? बहुतेकदा उत्तर येतं, ‘ते नाही, घरातल्या ताणांवर बोलतो.’ मग ती एफबीटी नाही, म्हणजे फॅमिली बेस्ड ट्रीटमेंट नाही: ॲनोरेक्सियावर, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने खाणं तोडण्याच्या आजारावर, आईवडिलांच्या हातून केला जाणारा उपचार.

कौटुंबिक समुपदेशन सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. दोन्हीकडे आईबाबा, भावंडं एका खोलीत बसतात. साम्य तेवढंच, आणि घोळही तिथूनच सुरू होतो.

खरा फरक आहे तो कारणाचा. ‘आई फार चिकटलेली, बाबा लांब, भांडणं दाबून ठेवलेली, म्हणून पोर उपाशी,’ असा विचार १९७० च्या दशकात साल्वादोर मिनुचिन यांच्यासारख्या थेरपिस्टांनी मांडला. आपल्याकडे त्याचं घरगुती भाषांतर तयारच असतं: ‘लाडावून ठेवली, दुसरं काय!’ एफबीटी हा प्रश्नच बाजूला ठेवते. आजार का झाला हे आम्ही शोधत नाही, दोष कुणाचाच नाही, आधी मूल जेवलं पाहिजे. कुटुंब इथे रोगी नसतं, औषध देणारा हात असतं.

उपासमारीने डोकं कसं बदलतं हे अमेरिकेत मिनेसोटात १९४४-४५ सालच्या एका प्रयोगात दिसलं. ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, तर ते चिडचिडे, उदास झाले आणि दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. त्यांच्या आयांनी काही केलं नव्हतं! म्हणून ॲनोरेक्सियात अडकलेल्या मुलीला ‘तुला काय हवं ते खा’ म्हणणं मला निष्ठुर वाटतं. ती निवड तिच्या हातात उरलेलीच नसते. काय, किती, केव्हा खायचं हे पहिल्या टप्प्यात आईवडील ठरवतात.

दुसऱ्या भेटीत घरचे जेवण घेऊनच येतात. मुलीला सावरायला जे लागेल ते ताटात वाढा, एवढंच सांगितलेलं असतं. मुलगी भाताच्या कडेने चमचा फिरवत बसते. आई विनवते, बाबा ओरडतात, थेरपिस्ट बघत असतो. मग तो दोघांना सांगतो: दोन्ही बाजूंनी तिच्या जवळ बसा, एकच वाक्य धरा, तिला खायचा होता त्याहून एक घास जास्त जाऊ दे. घास कोंबायचा नाही, मागेही हटायचं नाही. भावंडांनी पहारेकरी व्हायचं नाही, तिच्याशी नंतर पत्ते खेळायचे.

गंमत बघा, १८७४ साली विल्यम गल या लंडनच्या डॉक्टरने अशा रुग्णांच्या देखभालीला नातेवाईक सर्वांत वाईट, असं लिहून ठेवलं होतं. त्याच लंडनमध्ये शंभरेक वर्षांनी मॉड्सली या मनोरुग्णालयात नेमकं उलटं उभं राहिलं. १९८७ च्या त्यांच्या अभ्यासात, आजार लहान वयात सुरू झालेल्या आणि ३ वर्षांहून कमी जुना असलेल्या रुग्णांना घरच्यांसह उपचारांचा जास्त फायदा झाला. पुढे जेम्स लॉक आणि डॅनियल ल ग्रांज या संशोधकांनी त्याची रीतसर पद्धत लिहिली, तीच एफबीटी. २०१० च्या चाचणीत १२१ किशोरवयीन रुग्ण होते. उपचार संपल्यावर एका वर्षाने एफबीटी गटातले सुमारे ४९ टक्के पूर्ण बरे होते, एकट्याने थेरपी घेतलेले २३ टक्के.

म्हणजे निम्मे पूर्ण बरे झाले नव्हते, हेही वाचा. नाडी, रक्तदाब, रक्तातले क्षार बिघडले असतील तर आधी रुग्णालय, मग हे सगळं.

बाकी टप्पे सरळ आहेत. वजन सावरलं की घास हळूहळू तिच्या हाती परत, आणि शेवटी मैत्रिणी, कॉलेज, घरातले ताण. समुपदेशनवाल्यांचा आवडता विषय तेव्हा येतो. तोवर डबा आईबाबांनीच भरायचा.